ताईचा बंब

बंब मी कापला. माझ्या बायकोने तो भंगारात दिला नव्हता. ताईला दोन वर्षं जे वाटत होतं ते मी सांगितलेलं होतं, आणि ते खोटं होतं. आधी हे लिहून टाकतो, नाहीतर पुढचं लिहिताना मी पुन्हा स्वतःची बाजू घेऊ लागेन. मला ती सवय आहे.

बंब आईचा होता. तांब्याचा, कंबरेएवढा उंच, मधून धुराडं, खाली निखाऱ्यांची जाळी, भोवती पाणी. वरून थंड पाणी ओतायचं आणि खालच्या पितळी तोटीतून कढत काढायचं. ताईचा जन्म झाला तेव्हा मामाने तो आईला दिला होता. घाटकोपरच्या आमच्या चाळीत कुणाचीही मुलगी बाळंतपणाला माहेरी आली की आमचा बंब त्यांच्या दारात जायचा. सव्वा महिना तिथेच राहायचा आणि चिंचेने घासून लखलखीत होऊन परत यायचा. आई त्याच्यासाठी कधी कुणाला नाही म्हणाली नाही. बंबाच्या खांद्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत तिचं नाव घातलेलं होतं. भांड्यांवर घालतात तसंच. खाली लिहिलं होतं, 'मुलीच्या जन्माप्रीत्यर्थ'.

चाळ पडली आणि मी मुलुंडला राहायला आलो, तेव्हा आईबरोबर बंबही आला. ताईच्या दहिसरच्या घरात तेव्हा ठेवायला जागा नव्हती. आईने मला बजावलं होतं, "ह्यो बंब ताईचो हां. तिच्या चेडवाच्या बाळंतपणाक लागतलो." ताईच्या मुलीसाठी ठेवीन, असं मी कबूल केलं होतं. आई गेल्यावर बंब कपडे वाळत घालायच्या बाल्कनीत गेला. वर जुनी चादर, चादरीवर रिकाम्या कुंड्या.

बिअरचं वेड मला पंचेचाळिशीनंतर लागलं. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने घरी केलेली बिअर पाजली आणि मी हरखून गेलो. आमच्या कामात वर्षानुवर्षं कागद इकडून तिकडे जातात, हातात काही उरत नाही. इथे जव होते, त्यांना मोड आणून वाळवून केलेला मॉल्ट होता. तो भरडून गरम पाण्यात मुरवायचा, गाळायचा, आलेलं गोड पाणी हॉप्स नावाची कडसर फुलं घालून तासभर उकळायचं, मग गार करून यीस्ट सोडायचं. दोन-तीन आठवड्यांनी बाटलीचं झाकण उघडल्यावर जो फुस्स आवाज येई त्याने मला शाळेत नंबर आल्यासारखं वाटायचं. हे कायद्यात बसतं का, याची चौकशी मी केली नाही. बायकोने एकदा विचारलं, तेव्हा 'घरच्यापुरतं कोण विचारतंय' म्हणून विषय मिटवला.

अडचण भांड्याची होती. घरातल्या पातेल्यात जेमतेम पाच लिटर मावायचं. बाहेरच्या देशांत लोक जुन्या गीझरच्या टाक्यांचं उकळायचं भांडं करतात, असे व्हिडिओ मी बघत बसायचो. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कुणीतरी बदललेला पंचवीस लिटरचा गीझर पडून होता. तो मी मागून घेतला. ग्राइंडरने वरचा भाग कापला, आतला क्षार खरवडला, तळाशी नळ बसवला. आत काचेसारखा मुलामा असतो आणि कापताना त्याला तडे जातात, हे मला ठाऊक नव्हतं. तड्यांतून गंज धरला. त्यातली पहिली बिअर लोखंडी खिळा चोखावा तशी लागली. सहकारी म्हणाला, "यार, ही प्यायल्यावर धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल." सगळे हसले, मीही हसलो. पण घरी येऊन टाकी बाल्कनीत आदळली तेव्हा माझी नजर चादरीकडे गेली.

तांबं गंजत नाही. जुन्या काळी बिअरची भांडी तांब्याचीच असायची, असं मी कुठेतरी वाचलं होतं. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात वकिली सुरू झाली. बंब नुसता पडून आहे. ताईने कितीतरी वर्षांत त्याचं नाव काढलेलं नाही. आता बाळंतिणीसुद्धा गीझरच्या पाण्याने आंघोळ करतात. वस्तू वापरात राहिली तर आईलाही बरंच वाटेल. आईला काय वाटेल हे मी ठरवत होतो, ते मुद्दाम सांगतो.

ताईला फोन करून विचारणं ही दोन मिनिटांची गोष्ट होती. ती नाही म्हणेल हे माहीत असल्यामुळे मी फोन केला नाही.

बायको शाळेत शिकवते. काटेकोर आहे. तिने विचारलंच, "ताईंना विचारलंस का?" चारचौघांत ती मला अहो म्हणते, घरात तू. मी म्हटलं, "विचारलं. तिला नकोय. तूच वापर म्हणाली."

रिक्षात मांडीजवळ बंब घेऊन मी कुर्ल्याला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. माझ्याच वयाचा माणूस होता. वरचा भाग कापून तोंड मोठं करायचं, मधलं धुराडं काढून तळ बंद करायचा आणि बाजूने गीझरचं हीटिंग एलिमेंट बसवायचं, असं मी त्याला कागदावर काढून दाखवलं. त्याने बंबावरून हात फिरवला. अंगठा अक्षरांवर थांबला.

"इसपे नाम है, साब. घर का है क्या?"

"नहीं, भंगार से लिया है," मी म्हणालो.

त्याने खडूने रेघ मारली. ती नेमकी नावाखालून जात होती. मी पाहिली. चार बोटं वर घ्या म्हणालो असतो तर त्याने घेतली असती. पण नाव राहिलं असतं तर भांडं बघणाऱ्या प्रत्येकाने विचारलं असतं, म्हणून मी गप्प राहिलो. काम झाल्यावर त्याने कापलेल्या कड्यातला नावाचा तुकडा वेगळा करून, धार घासून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. "भंगार का हो तो भी," म्हणाला, "किसी की माँ का नाम लगता है. रख लो." घरी येऊन तो तुकडा अवजारांच्या पेटीत तळाशी टाकला.

बिअर चांगली झाली. खोटं कशाला बोलू, फार चांगली झाली. आमसुलं आणि मीठ घेऊन मी दर वेळी ते भांडं आरशासारखं घासायचो. मित्र घरी येत, भांड्याचे फोटो काढत. 'झकास आहे रे, कुठून आणलंस?' 'जुनं आहे, घरातलंच,' असं मी म्हणायचो. कुर्ल्यात भंगारातलं, मित्रांत घरातलं.

नंतरच्या वर्षी ताईचा फोन आला. भाचीला सातवा लागला होता. ताई आता दहिसरला नदीच्या बाजूच्या एका बैठ्या चाळीत राहते. पुढे चार हात अंगण आहे. तेल लावायला येणारी बाई ठरली होती. त्या बाईचं म्हणणं होतं की निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला घालून लाकडावर तापवलेलं पाणी वेगळंच. ताई सांगत होती आणि तिच्या आवाजात मला आई ऐकू येत होती. शेवटी म्हणाली, "तर रविवारी टेम्पो घेऊन येते. बंब काढून ठेव."

मला तेव्हा खरं बोलता आलं असतं. ताई चिडली असती, दोन महिने बोलली नसती, मग बोलली असती. एवढंच झालं असतं. तोंडातून निघालं ते असं: "अगं, घराचं काम काढलं होतं ना, तेव्हा हिने भंगारवाल्याला देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. मला नंतर कळलं."

ताई म्हणाली, "आईचं नाव होतं त्याच्यावर."

"हो गं. पण तिला काही बोलू नकोस. तिच्या लक्षात नाही आलं. उगाच वाईट वाटून घेईल."

मी बायकोला सांभाळून घेणारा नवरा झालो होतो. ताई म्हणाली, "नाही बोलणार. तुझ्या संसारात मला बोलायचं नाही. पण ती माझ्या मनातून उतरली, एवढं खरं."

ताईने शब्द पाळला. ती काहीच बोलली नाही. माझ्या मोबाइलवर फोन करायची, बायकोच्या मोबाइलवर करणं थांबलं. बायकोने केला तर 'कुकर लावलाय' म्हणून ठेवायची. भाचीला मुलगी झाली. बारशाला काय न्यावं याचा बायकोने आठवडाभर विचार केला आणि बाळाच्या आंघोळीसाठी तांब्याचं छोटं घंगाळ घेतलं. मी नको म्हणालो. का नको, हे मला सांगता येईना.

बारशाच्या दिवशी तिने घंगाळ पुढे केलं. ताईने ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "आता तांबं आठवलं होय?"

बायकोला वाटलं थट्टा आहे. ती हसली. ताई हसली नाही. तिने घंगाळ आत नेऊन माळ्यावर टाकायला सांगितलं. निघताना सगळ्या बायकांना ताईने स्वतः हळदकुंकू लावलं. माझ्या बायकोची पाळी आली तशी करंडा शेजारणीच्या हातात देऊन ती स्वयंपाकघरात गेली. मी दारात चपला घालत होतो. मी सगळं पाहिलं.

घरी आल्यावर बायको रडली. एरवी ती रडत नाही. "मी काय केलंय ते तरी सांग," असं पुन्हापुन्हा विचारत होती. मी म्हणालो, "तिचा स्वभावच तसा आहे. मनावर घेऊ नकोस." माझ्या बहिणीचा स्वभाव मी असा एका वाक्यात विकून टाकला. खरं तर ताईइतकं मोकळं माणूस आमच्या घरात दुसरं नाही.

काही महिन्यांनी बायको म्हणाली, "मला वाटतं, बंब दिल्याचं त्यांच्या मनाला लागलंय. देताना दिला, मग नातीच्या वेळी आठवला असेल. आपण परत देऊया का? जसा आहे तसा." मी म्हणालो, "आता काय देणार? त्याचं सगळं बदललंय. तिला बघून अजून वाईट वाटेल." हे मात्र खरं होतं, म्हणून पटकन बोलता आलं.

तोपर्यंत माझं बिअर करणं जवळपास थांबलं होतं. भांडं घासायला घेतलं की हात मंदावायचे. मित्रांना मी कामाचं कारण सांगितलं.

दोन दिवाळ्या मी एकटाच दहिसरला जाऊन ओवाळून घेऊन आलो. बायकोला म्हणायचो, तू सुट्टीत आराम कर. ताईला म्हणायचो, तिच्या शाळेचे पेपर आहेत. या वर्षी भाऊबिजेच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "उद्या ताई आपल्याकडे येतायत. मी फोन केला होता. हट्टच धरला." तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की माझ्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही.

ताई आली. एकटीच. घाटकोपरपर्यंत भाची सोबत होती, पुढे सासरी गेली. बायकोने तिच्या आवडीचं काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे केले होते. ताई जपून, तुटक बोलत होती. पण आली होती. मी ओवाळून घेतलं. ताईने माझ्या डोक्यावर अक्षता टाकल्या तेव्हा मी खाली पाटाकडे बघत होतो. जेवण झालं. ताई हात पुसायला बाल्कनीत गेली आणि मागोमाग बायकोही गेली. मी ताटं उचलत होतो. बायकोचा आवाज ऐकू आला.

"ताई, कधीपासून बोलायचं होतं. हा बघा तुमचा बंब. तुम्ही एवढ्या मोकळ्या मनाने यांना दिलात आणि मी साधे आभारसुद्धा मानले नाहीत. म्हणून तुम्हाला राग आला असेल तर माझं चुकलं."

मी ताटं घेऊन तिथेच उभा राहिलो. चादर बाजूला झाली होती. वरून कापलेला, धुराडं नसलेला, पोटात वायर शिरलेला तो बंब ताई बघत होती. मग तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं.

ताई म्हणाली, "मी दिला?"

आणि लगेच, माझ्यावरची नजर न काढता, "हो. मीच दिला होता. राग कसला गं? वय झालं, विसरायला होतं." तिने बायकोचा हात धरला. दोन वर्षांत पहिल्यांदा. बायकोचे डोळे भरून आले. ताई म्हणाली, "हळदकुंकू आण. आज मी लावते."

मी तिला सोडायला खाली गेलो. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही सोसायटीच्या फाटकाशी उभे होतो. मी 'ताई' म्हणून सुरुवात केली, तिने हाताने थांबवलं.

"बिअर केलीस त्याचं मला काही नाही. विचारलं असतंस तर शिव्या घातल्या असत्या आणि दिलाही असता कदाचित. पण त्या पोरीशी मी दोन वर्षं कशी वागले रे? तिचं घंगाळ माळ्यावर टाकलं मी. आज ती माझ्याजवळ चुकलं म्हणाली. माझ्याजवळ." ती रस्त्याकडे वळली. "मघाशी मी खोटं बोलले ते तुझ्यासाठी नाही. सणाच्या दिवशी, मला जेवू घालून उभी असताना तिला हे कळू नये म्हणून बोलले. आता तू सांग तिला. मी नाही सांगणार."

रिक्षा आली. ती गेली.

मला चार दिवस लागले. चार दिवस बायको गुणगुणत घरात वावरत होती. 'बघ, बोलून सुटतं की नाही,' असं मला ऐकवत होती. शनिवारी ती वह्या तपासत बसली होती. मी अवजारांची पेटी उघडली, वर्तमानपत्रात गुंडाळलेला तुकडा काढला आणि तिच्यासमोर वह्यांवर ठेवला. तांबं काळं पडलं होतं, अक्षरं वाचता येत होती. मी सगळं सांगितलं. ताईला काय सांगितलं, तिला काय सांगितलं, कुर्ल्यात काय सांगितलं, रेघ कुठे होती.

तिने लाल पेनाचं टोपण लावलं. बराच वेळ त्या तुकड्यावर बोट फिरवत राहिली.

"बारशाच्या दिवशी मी घरी येऊन रडत होते, तेव्हा तू कुठे होतास?"

"इथेच. तुझ्या शेजारी."

"हो," ती म्हणाली. "मला पाणी आणून दिलं होतंस."

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "मला नंतर. आधी ताईंकडे जायचं. मी बरोबर येणार आणि तू माझ्यासमोर सांगायचं. त्या तुझ्यासाठी पुन्हा खोटं बोलायच्या आत."

आमच्या घरात माफी मागायची रीत नाही. चुकलं की माणूस जेवायच्या वेळी येऊन बसतो, समोरचा ताटात एक पोळी जास्त वाढतो आणि ते मिटलं असं दोघं धरून चालतात. वडील गिरणीतून येऊन भांडले की आईशी असंच मिटवायचे. मीही आयुष्यभर तसंच केलं. रविवारी सकाळी मुलुंडहून दहिसरला जाताना रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्यात कुठेतरी 'पण' येत होता.

ताई अंगणात होती. भाची माहेरी आली होती आणि तिची मुलगी स्टुलावर उघडी बसून आंघोळीची वाट बघत होती. प्लॅस्टिकच्या बादलीत रॉड लावून पाणी तापवलेलं होतं. ताई ते काढून घेत होती छोट्या तांब्याच्या घंगाळात. घंगाळ घासलेलं होतं. बायकोने ते पाहिलं, मीही पाहिलं.

आम्हाला बघून ताई उठली. माझा चेहरा बघूनच तिला कळलं असावं. "आत या आधी," ती म्हणाली. "चहा टाकते. नाश्त्याला घावणे आहेत. बाकीचं राहू दे रे, झालं ते झालं."

ती मला सोडत होती. आत जाऊन बसलो असतो, घावणा खाल्ला असता, तर आमच्या रीतीने सगळं मिटलं असतं. बायको माझ्या बाजूला उभी होती. चपला काढायलाही हलली नाही.

मी पिशवीतून तुकडा काढून ताईच्या हातात दिला. तिचा हात ओला होता. आईच्या नावावर पाणी लागलं. भाची मुलीला टॉवेलमध्ये गुंडाळून बघत राहिली. मी तिच्यासमोरही बोललो, कारण बंब तिच्यासाठी ठेवलेला होता.

"ताई, बंब मी कापला. आईचं नाव दिसत होतं, तरी कापला. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. मग तू मागितलास तेव्हा मी हिच्यावर ढकललं. हिने भंगारात काही दिलं नाही. हिला वाटत होतं तू दिलास, कारण हिलाही मी खोटं सांगितलं होतं. तुम्ही दोघी दोन वर्षं एकमेकींपासून तुटलात आणि मी मध्ये बसून बघत होतो. माझं चुकलं, ताई. मला माफ कर." मग मी बायकोकडे वळलो. तिच्याकडे बघून बोलणं जास्त कठीण गेलं. "तू रडलीस त्या दिवशी मला सगळं माहीत होतं आणि मी तुला पाणी आणून दिलं. त्याची तुझ्याकडे माफी मागतो."